डिझेल इंजिनाचा आवाज वाढलाय? खोलण्याआधी करायची तपासणी

गाडी आवाज करायला लागली की जो तो विचारतो, "कुठून येतोय?" माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, "कधी येतोय?" इंजिन म्हणजे लोखंडाचा एकसंध ठोकळा. आवाज पुढच्या पुलीवर होतो आणि केबिनमध्ये बसलेल्याला वाटतं गिअरबॉक्समधून येतोय. जागेच्या बाबतीत कान सहज फसतात. पण आवाज थंड इंजिनात येतो की गरम झाल्यावर, रिकाम्या गाडीत येतो की कसारा घाट चढताना, क्लच दाबला की बदलतो का, या गोष्टी फसवत नाहीत. त्या नीट टिपल्या तर निम्मं निदान पाना हातात न घेता होतं.

हा लेख पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टर, जनरेटर आणि डिझेल मोटारी वापरणाऱ्यांसाठी आहे. सगळ्या तपासण्या घरी करण्यासारख्या नाहीत. पण कोणत्या तपासण्या व्हायला हव्यात हे माहीत असलं, की "इंजिन खोलावं लागेल, दादा" या वाक्यापुढे आपण मुकाट मान डोलावत नाही.

सगळ्यात आधी: इंजिन चालू ठेवायचं की नाही

ऑइलचा दिवा लागला, किंवा मीटरमधलं प्रेशर पडलं आणि सोबत खालून जड ठोके येऊ लागले, तर इंजिन तिथेच बंद करा. "एवढं आडगाव नाक्यापर्यंत नेतो" हा विचारच नको. बेअरिंगला ऑइल मिळत नसताना चाललेले दोन-चार किलोमीटर क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) खराब करायला पुरतात आणि बेअरिंग बदलून भागलं असतं ते काम क्रँक ग्राइंडिंगपर्यंत जातं. अचानक मोठा आवाज होऊन ताकद गेली, किंवा टायमिंग बेल्टच्या कव्हरमधून फटफट यायला लागली, तरी तेच. पुन्हा स्टार्टर मारून "बघू तरी" करू नका.

आणखी एक प्रकार क्वचित होतो, पण भीतीदायक आहे. पाय काढला तरी इंजिन आपोआप रेस होत जातं आणि मागे धुराचा लोट निघतो. टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याच्या) सीलमधून ऑइल आत जातं आणि इंजिन तेच जाळत सुटतं, त्यामुळे किल्ली बंद करूनही ते थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. हवेच्या पाइपावर उघडा हात धरायला जाऊ नका.

यातलं काहीच नसेल तर घाई नाही. निवांत तपासा.

डिझेलचा किती आवाज साधा समजायचा

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण १५ ते २० पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. फवारा आत गेला आणि डिझेल पेटलं यांच्यामध्ये अगदी थोडा वेळ जातो. त्या वेळात जेवढं डिझेल साचतं ते एकदम भडकतं आणि त्याचा ठोका ऐकू येतो. डिझेलची ओळखीची टकटक ती हीच. हा मधला वेळ जितका लांबेल तितका ठोका कडक.

इंजिन थंड असलं की तो वेळ लांबतोच. निफाड, पिंपळगावच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे द्राक्षबागेत फवारणीसाठी ट्रॅक्टर चालू केला की सुरुवातीची काही मिनिटं तो खडखडणारच. पाणी तापल्यावर आवाज उतरला तर काळजी नको. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या सिलिंडरना एकाच सामायिक पाइपमधून दाबाचं डिझेल मिळतं अशा नव्या इंजिनात, मुख्य फवाऱ्याआधी डिझेलचा एक छोटा फवारा मारला जातो, त्यामुळे ठोका मऊ होतो. म्हणूनच जुन्या पंपाच्या जीपवरून नव्या गाडीवर आलेल्याला नवी गाडी मुकी वाटते, आणि त्याच नव्या गाडीने जुन्या जीपसारखी टकटक सुरू केली तर ती खरोखर तक्रार असते.

थोडक्यात, शेजाऱ्याच्या गाडीशी तुलना करू नका. आपल्याच गाडीचा गेल्या महिन्यातला आवाज आठवा.

पायरी १ : आवाजाची हजेरी घ्या

फोनवर रेकॉर्डिंग करा. आधी थंड इंजिन चालू करताना, मग स्लोवर (रेस न देता), मग हळूहळू रेस वाढवत, मग एकदम सोडत. गरम झाल्यावर पुन्हा तेच. फोनच्या माइकला खोल आवाज नीट पकडता येत नाहीत, पण मिस्तरीला ऐकवायला आणि दुरुस्तीनंतर ताडून पाहायला त्याचा फार उपयोग होतो.

सोबत या गोष्टी लिहून ठेवा. रेस वाढवली की ठोक्यांचा वेग वाढतो का? वाढत नसेल तर तो आवाज बहुधा इंजिनाच्या आतला नाही, सैल पत्रा किंवा मडगार्डसारखं काही असेल. लोड पडल्यावर वाढतो का? ट्रॅक्टर असेल तर पीटीओवर (अवजार फिरवणाऱ्या दांड्यावर) फवारणीचा ब्लोअर जोडून बघा, पिकअप असेल तर भरलेली गाडी चढाला घालून बघा. पाय काढल्यावर, गाडी उतारावर स्वतःच्या जोरावर पळताना आवाज येतो का? क्लच दाबल्यावर?

आणि सगळ्यात कामाचं, जे कोणी आपणहून सांगत नाही: आवाज सुरू होण्याआधी गाडीचं काय केलं होतं? ऑइल बदललं, बेल्ट बदलला, नोजल (डिझेल फवारणारी तोटी) काढून बसवले, कुठल्या तरी अनोळखी पंपावर टाकी भरली, गाडी पुराच्या पाण्यातून नेली. काम झाल्यावर लगेच आलेला आवाज बहुतेक वेळा त्याच कामातला असतो.

पायरी २ : बोनेट उघडा, पाने नकोत

गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा आणि ऑइलपट्टी बघा. पातळी कमी असेल तर टॅपेटपासून (व्हॉल्व्ह उघडणारे वरचे भाग) बेअरिंगपर्यंत काहीही वाजू शकतं. पातळी वाढलेली असेल तर ती जास्त वाईट बातमी आहे, कारण बहुधा ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. पट्टीवरचा थेंब बोटांत चोळून वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ लागलं, तर इंजेक्टर किंवा पंप गळतोय. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या गाडीत ती जाळी साफ करण्याचं चक्र वारंवार अर्धवट राहिलं तरी असं होतं. पातळ ऑइल बेअरिंगवर टिकत नाही. ऑइल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. इंजिन चालू करू नका.

ऑइलचा ग्रेडही बघून घ्या. जुन्या इंजिनांना बहुधा १५डब्ल्यू-४० लागतं, डीपीएफवाल्या बऱ्याच गाड्यांना ५डब्ल्यू-३०. जुन्या, झिजलेल्या इंजिनात पातळ ऑइल ओतलं की आवाज वाढतो. नव्यात जाड ओतलं तर थंड सकाळी ते वर पोचायला वेळ लागतो आणि टॅपेट वाजतात. पुस्तिकेत लिहिलेला ग्रेडच टाका. "जाड ऑइल टाक, आवाज बसेल" हा सल्ला गाडी विकायची असेल तेव्हा देतात.

मग हातांनी चाचपा. एअर फिल्टरचे क्लॅम्प, टर्बोचे पाइप, सायलेन्सरवरचे पत्रे, खालचा गार्ड, बॅटरीची पट्टी. इंजिन माउंटिंगचं रबर फाटलंय का ते टॉर्च मारून बघा. माउंटिंग बसलं की इंजिनाचा साधा आवाजही चासीतून थेट केबिनमध्ये येतो आणि "इंजिन फार वाजतंय" अशी तक्रार येते. स्लोवर स्टिअरिंग थरथरत असेल आणि थोडी रेस दिली की शांत होत असेल, तर आधी माउंटिंगकडेच बघा. मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा असेल तर तिथून एक्झॉस्ट गळतोय. त्याची टिकटिक हुबेहूब टॅपेटसारखी असते. मात्र गळती थोडी असेल तर लोखंड तापून फुगल्यावर ती फट भरते आणि टिकटिक थांबते.

पायरी ३ : बेल्ट आणि क्लच वेगळे काढा

इंजिनाला लटकलेल्या वस्तू इंजिनाच्याच नावावर खपतात. अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी कॉम्प्रेसर, टेन्शनर, आयडलर पुली, या सगळ्यांची बेअरिंग घरघरतात.

बेल्ट किंचाळत असेल तर चालू इंजिनावर बाटलीने थोडं पाणी बेल्टच्या आतल्या बाजूला मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर बेल्ट झिजलाय किंवा पुली रेषेत नाही. पाणी पडताच आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. घरघर असेल तर इंजिन बंद करून, थंड असताना बेल्ट उतरवा, प्रत्येक पुली हाताने फिरवा आणि हलवून बघा. खरखर किंवा खेळ लगेच कळतो. हवं तर बेल्टशिवाय इंजिन अर्धा-एक मिनिट चालवा. आवाज गेला तर इंजिन खोलण्याचा विषयच संपला. पण त्याहून जास्त वेळ चालवू नका, पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असू शकतो. गाडी हलवूही नका. कित्येक पिकअपमध्ये ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीवर असतो, बेल्ट नसला की ब्रेक दगडासारखा लागतो. आणि हे सगळं बाहेरच्या बेल्टबद्दल आहे. टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही.

क्लचची तपासणी आणखी सोपी. गिअर न्यूट्रलला, इंजिन स्लोवर. क्लच दाबल्यावर सूं-सूं आवाज आला तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर आवाज बंद झाला आणि सोडल्यावर आला तर गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग, किंवा दुहेरी फ्लायव्हील (आत स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं जड चाक) असलेल्या गाडीत फ्लायव्हीलच्या स्प्रिंगा. ही स्प्रिंगांची खडखड किल्ली बंद करताना शेवटच्या दोन-तीन झटक्यांत सगळ्यात स्पष्ट येते. कनेक्टिंग रॉडचा (पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या दांड्याचा) दोष म्हणून कामाला घेतलेल्या गाड्यांत असे फ्लायव्हील निघतात.

पायरी ४ : ऐकायचं कसं

डॉक्टरसारखा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप मिळतो आणि तो महाग नसतो. नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनावर टेकवा आणि मूठ कानामागच्या हाडाला लावा. उपरणं, ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन आधी बाजूला ठेवा. पंखा आणि बेल्ट दया दाखवत नाहीत.

एकाच जागी ऐकून काही कळत नाही, कारण आवाज सगळीकडेच येतो. तुलना करा. पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरवर, मग दुसऱ्या, तिसऱ्या. टॅपेट कव्हरवर. टायमिंग केसवर पुढे. ब्लॉकच्या कुशीला, वर आणि खाली. ऑइल चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) काठावर. आवाज जिथे सगळ्यात धारदार आणि कोरडा लागतो ती जागा मुळाच्या जवळची. हवा किंवा गॅस गळत असेल तर लोखंडाचा दांडा निरुपयोगी आहे. त्यासाठी रबरी नळीचं एक टोक कानाला धरून दुसरं टोक जोडांवरून फिरवा.

अजून एक खूण. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे एका व्हॉल्व्हची टिकटिक किंवा एका इंजेक्टरचा ठोका क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच येतो. क्रँक पुली किंवा फ्लायव्हील सैल असेल तर ठोके भरभर पडतात. स्लोवर, सरावलेल्या कानाला हा फरक कळतो. नवख्याने फक्त त्यावर भरवसा ठेवू नये.

पायरी ५ : एकेक सिलिंडर कट करून बघा

डिझेलच्या आवाजाची ही सगळ्यात मोलाची तपासणी, आणि धोक्याचीही हीच. म्हणून आधी धोका.

कॉमन रेल इंजिनात पाइपमधला दाब १६०० बारच्या वरही जातो. चालू इंजिनावर त्या पाइपाचा नट कधीही, कुणीही सांगितलं तरी सैल करायचा नाही. एवढ्या दाबाची धार हातमोजा भेदून कातडीखाली शिरते. वर दिसतं ते टाचणी टोचल्याएवढं भोक, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि वेळ गेला तर बोट किंवा हात कापायची पाळी येते. असं झालं तर जखम धुऊन पट्टी बांधून बसू नका. तडक मोठ्या हॉस्पिटलात जा आणि "दाबाचं डिझेल आत गेलंय" हे स्पष्ट सांगा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनात, म्हणजे बहुतेक जुने ट्रॅक्टर, जनरेटर, जुन्या जीप यांत, नट सैल करून सिलिंडर कट करण्याची पद्धत आहे. तिथेही दाब शेकडो बारचा असतो. त्यामुळे चष्मा लावा, नटावर जाड फडकं धरा, तोंड बाजूला ठेवा आणि नट फक्त अर्धा फेरा ढिला करा. तापलेल्या मॅनिफोल्डवर डिझेल पडू देऊ नका. स्लोच्या थोड्या वर रेस ठेवा, एका सिलिंडरचा नट ढिला करा, ऐका, घट्ट करा, पुढच्यावर जा. नट ढिला केल्यावर इंजिन डगमगलं पाहिजे. डगमगलंच नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

कॉमन रेलवर हेच काम स्कॅनर करतो. स्कॅनर एकेक इंजेक्टर बंद करून दाखवतो, शिवाय कोणत्या सिलिंडरला कमी-जास्त डिझेल द्यावं लागतंय तो आकडाही दाखवतो. एका सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपासून लांब पडला असेल तर संशयित सापडला.

आता अर्थ लावू. एखादा सिलिंडर कट केल्यावर ठोका नाहीसा झाला तर दोष त्याच सिलिंडरचा, पण अजून दोन शक्यता उरतात. इंजेक्टर चुकीचा फवारतोय, किंवा रॉड बेअरिंग, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन), पिस्टन यांपैकी काहीतरी सैल आहे आणि स्फोटाचा दाब गेल्यावर ते वाजायचं थांबलं. इथेच घाई होते आणि इंजिन खाली उतरतं. घाई करू नका. त्या सिलिंडरचा इंजेक्टर शेजारच्या सिलिंडरला लावा आणि पुन्हा ऐका. ठोका इंजेक्टरसोबत सरकला तर इंजेक्टर. जागीच राहिला तर दोष आतला. बहुतेक कॉमन रेल गाड्यांमध्ये इंजेक्टरची जागा बदलली की त्यावरचा कोड स्कॅनरने नव्या जागी नोंदवावा लागतो. तो नोंदवला नाही तर चांगला इंजेक्टरही ठोके देतो. नवा इंजेक्टर घालून आवाज वाढला असेल तर आधी कोड घातलाय का ते विचारा.

इंधनाचे आवाज, जरा सविस्तर

माझा अनुभव असा की "इंजिन ठोकतंय" म्हणून आलेल्या गाड्यांत डिझेलशी संबंधित दोषच जास्त निघतात. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको, मायको सर्कलच्या नावातच डिझेल आहे. मायको म्हणजे आताचं बॉश, आणि सातपूरच्या त्यांच्या कारखान्यात नोजल आणि इंजेक्टर बनतात. इथे पंप-नोजलचं काम जाणणारी माणसं शोधायला फार फिरावं लागत नाही.

नोजल ठिबकत असेल तर कडक ठोका आणि काळा धूर एकत्र येतात. नोजल काढून टेस्टरवर लावला की फवारा दिसतो. धुक्यासारखा बारीक आणि चारी बाजूंनी सारखा हवा, टोकाला थेंब लोंबता कामा नये. जुन्या थेट फवाऱ्याच्या इंजिनात नोजल साधारण २०० ते २५० बारला उघडतो, नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतला धरायचा. पंपाचं टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) पुढे गेलं असेल तर सगळेच सिलिंडर सारखे ठोकतात आणि गाडी चढाला जास्तच वाजते. मागे गेलं असेल तर आवाज मऊ, ताकद कमी आणि सकाळी पांढरा धूर. पंप नुकताच उतरवून बसवला असेल तर टायमिंग आधी तपासा.

टाकी भरल्यावर लगेच ठोके सुरू झाले तर डिझेलवर संशय घ्यायला हरकत नाही. बीएस-६ डिझेलचा सीटेन नंबर (ते किती चटकन पेटतं याचं माप) किमान ५१ असावा लागतो. तो नंबर कमी असलेलं, भेसळीचं डिझेल उशिरा पेटतं आणि ठोका वाढतो. फिल्टरच्या तळाचा पाण्याचा नट उघडून काचेच्या बाटलीत थोडं काढून बघा, पाणी खाली बसतं. पारदर्शक पाइपमध्ये बुडबुडे धावताना दिसले तर डिझेलमध्ये हवा शिरतेय, आणि हवेमुळेही इंजिन मध्येच ठोकतं, मध्येच शांत होतं.

एक दोष जवळून सांगतो, कारण तो सहसा ओळखला जात नाही. पिंपळगावहून टोमॅटो भरणारी एक पिकअप आली. चालक म्हणाला, "भाऊ, दोन ठिकाणी दाखवली, दोघंही म्हणतात कनरॉड गेला." आवाज होता चुक-चुक-चुक, रेस दिली की भरभर, आणि केबिनमध्ये धुराचा उग्र वास. खालून कुठेही ठोका नव्हता. इंजिनावरचं प्लास्टिकचं कव्हर उचललं तर तिसऱ्या इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा, कडक थर चढलेला, स्क्रू ड्रायव्हरने टोकरला तरी निघेना. इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर गळत होता आणि जळलेला वायू तिथून सुटत होता. इंजिन थंड असताना बुडाशी साबणाचं पाणी टाकून चालू केलं, फेस उसळला. इंजेक्टर काढला, बसायची जागा कटरने साफ केली, नवा वॉशर घातला आणि सांगितलेल्या टॉर्कला आवळला. बेअरिंगला हातही लावावा लागला नाही.

हा दोष तसाच ठेवला तर थर वाढत जातो, इंजेक्टर त्यात रुतून बसतो आणि काढताना हेडवर संकट येतं. जुना वॉशर उलटा करून घालणारे महाभाग आहेत. त्यांच्यापासून सावध राहा.

टॅपेट

वरून येणारी, हलकी, एकसारखी टिकटिक. टॅपेट हाताने सेट करायचे असतील तर इंजिन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, बहुधा थंड, असावं लागतं आणि फिलर गेज वापरावा लागतो. अंतर इंजिनाप्रमाणे बदलतं, बऱ्याच ठिकाणी ते ०.२० ते ०.५० मिलिमीटरच्या दरम्यान असतं, आणि इनटेक-एक्झॉस्टचं वेगळं असू शकतं. आवाज घालवायला टॅपेट कसून आवळू नका. आवळलेला टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. थोडी टिकटिक परवडली.

हायड्रॉलिक टॅपेटवाली गाडी रात्रभर उभी राहिली तर सकाळी काही सेकंद वाजते, ऑइल भरलं की थांबते. गरम झाल्यावरही वाजत राहिली तर ऑइलचं प्रेशर बघा. सेट करूनही एकच टॅपेट परत परत सैल होत असेल तर पुशरॉड, रॉकर किंवा कॅमचा उंचवटा झिजलाय.

खालचे आवाज

इथे खर्च असतो, म्हणून इथे पुरावा मागा.

पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनात ब्लॉकच्या कुशीतून बोदा आवाज येतो आणि गरम झाल्यावर कमी होतो. असं इंजिन ऑइल फारसं पीत नसेल तर बराच काळ चालवता येतं. गजन पिनचा आवाज तीक्ष्ण असतो आणि बऱ्याचदा जोडीने येतो, टक्-टक्. रॉडचं बेअरिंग गेलं की उलटं होतं. गरम झाल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर वाढतं. मध्यम रेसवर स्थिर ठेवून पाय एकदम सोडला की त्या क्षणी स्पष्ट खडखड येते. मेन बेअरिंगचा आवाज सगळ्यात खोल, पायाला जाणवणारा धब-धब. लोडवर वाढतो, एकच सिलिंडर कट करून पूर्ण जात नाही, शेजारचे दोन कट केले तर उतरतो.

पुरावा म्हणजे दोन गोष्टी. पहिली, ऑइल प्रेशर. स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावायचा आणि इंजिन पूर्ण गरम असताना वाचायचा. जुना ठोकताळा असा की दर १००० आरपीएमला सुमारे १० पीएसआय हवेत. पुस्तिकेतला आकडा मिळाला तर तोच खरा. दिवा लागत नाही म्हणजे प्रेशर ठीक आहे, असं समजू नका. प्रेशर फार खाली गेल्यावरच दिवा लागतो. दुसरी, जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उन्हात पसरून बघणं. चमचमणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे गिअर, चेन, कॅम किंवा लायनर. न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस कण बहुधा बेअरिंगचे.

हे दोन्ही न करता कुणी चेंबर उतरवायला निघाला तर विचारा, "मिस्तरी, प्रेशर किती आलं?" आणि क्रँक पुलीचा बोल्ट तपासलाय का तेही विचारा. पुली सैल झाली किंवा तिचं रबर सुटलं की मेन बेअरिंगसारखाच धब-धब येतो, आणि तो एका पान्याने संपतो.

पुढचा आवाज आणि टर्बो

टायमिंग चेन सैल असेल तर चालू करताना पुढून खर्रर्र अशी सरकती खडखड येते. टेन्शनर संपत आल्याची ती खूण, टाळू नका. गिअरवाल्या टायमिंगमध्ये हलकी गुणगुण मुळातच असते.

टर्बोची बारीक शिट्टी साधी असते. मोठी, सायरनसारखी झाली तर आधी इंटरकूलरचे पाइप बघा. कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढताना फुस्स आवाज, काळा धूर आणि ओढ कमी असेल तर बहुतेक वेळा पाइप फाटलेला किंवा क्लॅम्प सुटलेला निघतो. जोडाशी ऑइलचा ओला डाग त्याची जागा सांगतो. पाइप नीट असतील तर इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोचं तोंड उघडून चाक बोटाने हलवा. आडवा किंचित खेळ चालतो. पाती बाहेरच्या भिंतीला घासत असतील, किंवा चाक मागे-पुढे हलत असेल, तर टर्बो गेला.

गाडी परत घेताना

जो आवाज फक्त थंड इंजिनात येत होता तो संध्याकाळी गॅरेजमधल्या गरम गाडीवर ऐकून "गेला" म्हणता येत नाही. गाडी रात्रभर तिथेच ठेवा, सकाळी स्वतः जा आणि आपल्या हाताने चालू करा. लोडवर येणारा आवाज असेल तर रिकामी चक्कर नको. मिस्तरीला शेजारी बसवून भरलेली गाडी राहूड घाटापर्यंत न्या, ट्रॅक्टरला ब्लोअर जोडा. आधीचं रेकॉर्डिंग त्याच रेसवर वाजवून ताडा. जुने सुटे भाग मागून घ्या, विशेषतः बेअरिंगचे कप. बेअरिंग खरंच गेलं होतं की नाही ते त्याच्या पृष्ठभागावर दिसतं. ओरखडे आणि तांब्याचा रंग उघडा पडलेला असेल तर काम गरजेचं होतं. इंजेक्टरला हात लागला असेल तर पुढच्या आठवड्यात दोनदा ऑइलपट्टी बघा, आणि पातळी वर सरकलेली दिसली तर गाडी तशीच परत न्या.